डिझेल नेमकं गळतंय कुठून? नव्या माणसासाठी ट्रकची गळती शोधण्याची आणि थांबवण्याची पद्धत

ट्रकखाली डिझेलचा डाग दिसला की नव्या माणसाचा हात आधी पान्याकडे जातो. समोर दिसेल तो ओला नट आवळायचा, फडक्याने पुसायचं आणि गाडी मोंढ्याकडे काढायची. अशाने गळती क्वचितच थांबते. उलट चांगल्या बोल्टाचे आटे जातात, वॉशर चेपून निकामी होतो आणि एका गळतीच्या दोन होतात.

डिझेल जिथे टपकतं तिथूनच ते निघत असेल असं नाही. इंजिनच्या वरच्या अंगाला एखादा जोड पाझरत असतो. तिथून ते ब्लॉकच्या कडेने उतरतं, चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे सरकतं, चेसिसवर येतं आणि सगळ्यात खालच्या बोल्टाच्या टोकाला थेंब धरतं. म्हणून शोधायचं ते सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं ओलं ठिकाण. ते सापडलं की दुरुस्ती बहुतेक वेळा एका वॉशरची किंवा वीतभर होजची निघते. नव्या मुलांना माझं सांगणं एवढंच असतं, की पहिला अर्धा तास पाना पेटीतच राहू द्या.

जालना, लातूर, परभणी, नांदेड भागात सरकी, सोयाबीन, ऊस आणि उन्हाळ्यात पाण्याचे टँकर ओढणाऱ्या जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 ट्रकमध्ये, आणि त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांमध्ये, कॉमन रेल आहे, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच सामायिक नळीतून फार जास्त दाबाचं डिझेल मिळतं. तिथे शोधण्याची रीत तीच, पण हात कुठे लावायचा नाही ते वेगळं आहे. ते पुढे येईल.

थोडंसंच गळतंय, बघू नंतर, असं म्हणणाऱ्यांसाठी हिशेब. साधारण 20 थेंबांचा एक मिलिलिटर होतो. इंजिन चालू असताना सेकंदाला एक थेंब पडत असेल तर तासाला 180 मिलिलिटर गेलं. दिवसाला 10 तास गाडी चालली तर 1.8 लिटर, महिन्यात 25 दिवस धरले तर 45 लिटर. लिटरला 90 रुपये लावले तरी चार हजारांवर रक्कम जाते, आणि बदलायचा असतो तो काही रुपयांचा तांब्याचा वॉशर. शिवाय मांजरसुंब्याच्या घाटात वळणावर पडलेल्या डिझेलवरून मागचा दुचाकीवाला घसरतो. त्याची किंमत या हिशेबात नाही.

कामाला लागण्याआधी

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये टाका, चाकांखाली दोन्ही बाजूंनी ठोकळे द्या. इंजिन थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. टिल्ट केबिन असेल तर ती उचलल्यावर लॉक बसल्याची खात्री करूनच खाली वाका. समृद्धीवर किंवा धुळे-सोलापूर महामार्गाच्या कडेला गाडीखाली शिरू नका. आधी गाडी रस्त्यापासून दूर, पंपाच्या किंवा ढाब्याच्या आवारात घ्या.

डिझेल पेटत नाही हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान 35 अंश सेल्सियस असायला हवा. म्हणजे तेवढं तापलेल्या डिझेलची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. मे महिन्यात परभणी-नांदेडला हवाच 42 अंशांच्या पुढे जाते. सायलेन्सरजवळच्या डिझेलचं तापमान किती असेल ते वेगळं सांगायला नको. बिडी-सिगारेट लांब. कोरड्या पावडरचं अग्निशामक आणि घमेलंभर वाळू जवळ. डिझेलच्या आगीवर पाणी मारायचं नसतं, आग पाण्यावर तरंगत पसरते.

गळती कधी होते, ते आधी विचारा

हात न लावता अर्धी गळती इथेच सापडते. ड्रायव्हरला विचारा, स्वतः बघा. इंजिन चालू असतानाच गळतं, की रात्रभर उभ्या गाडीखालीही डाग पडतो? टाकी पूर्ण भरल्यावरच होतं? खराब रस्त्यावर वाढतं?

उभ्या गाडीखाली रात्रीत डाग पडत असेल तर संशय टाकीवर, तिच्या खालच्या ड्रेन प्लगवर आणि टाकीतल्या डिझेलच्या पातळीखालच्या पाइपांवर. फक्त इंजिन चालू असताना गळत असेल तर फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणारा छोटा पंप) पुढचा भाग, फिल्टर, इंजेक्शन पंपाचे जोड, तिथून नोझलपर्यंत जास्त दाबाचं डिझेल नेणारे नोझल पाइप आणि उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा ओव्हरफ्लो पाइप तपासा. खडबडीत रस्त्यावर वाढत असेल तर चेसिसला घासून झिजलेला पाइप किंवा टाकीच्या पट्ट्याखाली पडलेली चीर बघा.

आणि टाकी काठोकाठ भरल्यावरच गळत असेल, तर ती गळती नसायचीही शक्यता आहे. पहाटे पंपावरून तोंडापर्यंत भरलेली 200 लिटरची टाकी दुपारी उन्हात 15 अंशांनी तापली, तर आतलं डिझेल सुमारे अडीच लिटरने फुगतं. त्याला जायला जागा नसते, म्हणून ते झाकणातून किंवा ब्रीदरमधून (टाकीत हवा ये-जा करायचं छिद्र) बाहेर येतं. टाकीला थोडी जागा सोडून भरा. तरीही पाझरलं तर झाकणाचं रबर आणि वरच्या फ्लोटचं पॅकिंग पाहा.

हे डिझेलच आहे ना, तेही पक्कं करा. खाली पडलेला थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर घ्या. डिझेल झटकन पसरतं आणि मोठं तेलकट वर्तुळ करतं. इंजिन ऑइल मधे काळं आणि जाड राहतं. कूलंट रंगीत असतं, त्याला डिझेलचा वास नसतो. नव्या गाडीत पांढरे, मिठासारखे खडे जमलेले दिसले तर ते डीईएफ, म्हणजे युरियाचं द्रावण. त्याची लाइन वेगळी.

धुण्याआधी बघा, मग धुवा

आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ इथे मदतीला येते. कोरड्या भागावर ती सुटी, भुरकट राहते. डिझेल लागलं की तिची काळी खपली बनते. त्या खपलीचा माग खालून वर काढत न्या. जिथे खपली संपून कोरडी धूळ सुरू होते, त्याच्या आसपास तुमचा जोड असतो. मोबाइलवर दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, कारण धुतल्यावर हा नकाशा गेला.

मग भाग स्वच्छ करा. ब्रश आणि डीग्रीजर पुरतं. प्रेशरचं पाणी पंप, अल्टरनेटर, सेन्सर आणि वायरिंगच्या सॉकेटवर मारू नका. हवा मारून प्रत्येक जोड कोरडा करा. अर्धवट कोरडा जोड पुढे खोटी साक्ष देतो.

आता खडूची पूड किंवा साधी टाल्कम पावडर जोडांवर भुरभुरा. इंजिन सुरू न करता फीड पंपावरचा हँड प्रायमर, म्हणजे हाताने दाबायचा छोटा पंप, मारा. त्याने फीड पंपापासून फिल्टर आणि इंजेक्शन पंपाच्या तोंडापर्यंतच्या लाइनमध्ये दाब येतो आणि सगळं शांतपणे बघता येतं. पांढऱ्या पावडरवर पहिला काळा ठिपका जिथे उमटेल तिथे खूण करा. हळू पाझर असेल तर प्रत्येक जोडाला वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळून दोऱ्याने बांधा आणि तासाभराने बघा. कुठली पट्टी आधी भिजली ते कागदच सांगतो. पट्ट्या आणि दोरे काढल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही.

प्रायमरने काहीच दिसलं नाही तर बॅटरीची वायर जोडून, गाडी न्यूट्रलला आणून इंजिन चालू करा आणि फिरणारे बेल्ट व पंख्यापासून दूर उभं राहून टॉर्चने बघा. इथे एक गोष्ट जिवाची आहे. नोझल पाइपच्या गळतीवर बोट फिरवून बघायचं नाही, हातमोजा घालूनही नाही. जुन्या पंपाचा नोझल साधारण 200 ते 250 बारला उघडतो. कॉमन रेलमध्ये दाब 1,600 बारच्याही वर जातो. ट्रकच्या टायरमध्ये सुमारे 8 बार हवा असते, त्यावरून अंदाज घ्या. केसाएवढ्या चिरेतून निघालेली डिझेलची धार दिसतही नाही आणि कातडीतून आत शिरते. वरून सुई टोचल्याएवढी खूण असते, सुरुवातीला फार दुखतही नाही, पण आतलं मांस सडत जातं आणि उशीर झाला तर बोट कापावं लागतं. संशय आला तर पुठ्ठ्याचा तुकडा काठीला लावून लांबून फिरवा. धार असेल तर पुठ्ठा ओला होतो. तरीही कोणाला लागलंच, तर हळद लावून घरी पाठवू नका. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्या: संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर किंवा नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जे जवळ असेल ते. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की जास्त दाबाचं डिझेल आत गेलं आहे.

बाहेर थेंब नाही, तरी गळती आहे

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे फसतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढणारी असते, ढकलणारी नाही. तिथे जोड सैल असेल तर चालू इंजिनात डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली डाग नाही, पाइप कोरडा. पण सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, प्रायमर मारावा लागतो, रेस वरखाली होते, चढाला भरलेली गाडी मरते. गॅरेजवाले म्हणतात तेच, गाडी एअर घेतेय. अशा वेळी पंप खोलण्याची घाई होते आणि हजारो रुपये उगाच जातात.

हे शोधायला सोपी युक्ती आहे. स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घ्या, तो कॅन फीड पंपाजवळ टांगा. टाकीकडून येणारा पाइप फीड पंपावरून सोडवा आणि त्याच्या जागी चांगला होज लावून त्याचं दुसरं टोक कॅनमध्ये बुडवा. परतीचं डिझेल टाकीत जाऊ द्या आणि कॅन रिकामा होण्याआधी इंजिन बंद करा. गाडी नीट चालली तर दोष टाकीच्या बाजूला आहे. तरीही हवा घेत असेल तर दोष फीड पंपात किंवा पुढे. एका चाचणीत अर्धी गाडी संशयातून सुटते. टाकीच्या बाजूला दोष निघाला तर फीड पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक होज तात्पुरता लावा, बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. मग एकेक जोड तपासत टाकीकडे सरका. पाणी वेगळं करणाऱ्या काचेच्या बाऊलचं रबर, होजच्या क्लिपा, पाइप चेसिसला घासतो ती वळणं बघा. टाकी अर्ध्याच्या खाली आली की मगच त्रास होत असेल, तर टाकीच्या आत उतरणाऱ्या पाइपलाच वरच्या भागात भोक किंवा चीर असते. ही बाहेरून कधीच सापडत नाही.

टाकीचं झाकण उघडताना सुस्स असा आवाज येऊन हवा आत जात असेल तर ब्रीदर मातीने बुजला आहे. तोही फीड पंपाला डिझेल मिळू देत नाही. साफ करा.

दुरुस्ती

बँजो बोल्टाला, म्हणजे पाइपच्या टोकाची कडी (बँजो) धरून ठेवणाऱ्या पोकळ बोल्टाला, दोन वॉशर लागतात, बँजोच्या एकेका बाजूला एक. सगळ्यात जास्त गळती या वॉशरचीच असते. प्रत्येक वेळी नवीन घाला. आडरानात नवीन नसेल तर तांब्याचा जुना वॉशर लालबुंद होईपर्यंत तापवून थंड करा, तांबं पुन्हा मऊ होतं. हे काम गाडीपासून, डिझेलपासून भरपूर लांब करायचं. मग बारीक पॉलिश पेपर काचेवर ठेवून वॉशरचे दोन्ही चेहरे घासा. अॅल्युमिनियमचा वॉशर मात्र पुन्हा वापरू नका. बँजोच्या तोंडावर ओरखडा असेल तर वॉशर कितीही बदला, पाझर राहणार, बँजोच बदला. आवळताना एका पान्याने मागचा भाग धरा आणि दुसऱ्याने बोल्ट फिरवा, नाहीतर पाइपला पीळ बसतो. बहुतेक ठिकाणी 17 आणि 19 चे पाने लागतात. अंगाचा जोर लावू नका. मॅन्युअलमध्ये टॉर्क दिला असेल तर तोच ठेवा.

फिल्टर बदलल्यावर लगेच गळती लागली तर आधी फिल्टर काढून वरची खाच बघा. जुनी सील रिंग वरच्या खाचेत चिकटून राहिलेली असते आणि तिच्यावर नवीन बसवलेली असते. खाच पुसून एकच रिंग, डिझेलचं बोट लावून बसवा.

होज घेताना डिझेलसाठीचाच घ्या. पाण्याचा किंवा स्वयंपाकाच्या गॅसचा होज डिझेलने फुगतो आणि आतून सुटतो. होजच्या टोकालाच चीर असेल आणि लांबी पुरेशी असेल तर इंचभर कापून पुन्हा बसवता येतो. मधे तडे दिसले तर पूर्ण बदला. तारेने आवळलेला होज माझ्या नजरेला पडला तर तो मी सोडवतो, कारण तार रबर कापते. स्वस्त मिळतं म्हणून सुटं बायोडिझेल टाकलेल्या गाड्यांत साधे होज आणि सील लवकर मऊ पडतात, त्या गाड्यांचे होज जास्त वेळा तपासा.

टेफ्लॉन टेप डिझेलच्या जोडाला कुठेही लावू नका. तिचे तुकडे आत जातात, आणि फिल्टरच्या पुढे गेले तर पंप-नोझलपर्यंत पोहोचतात.

नोझल पाइपच्या जोडात वॉशर नसतो. पाइपचं गोलसर तोंड शंकूसारख्या बैठकीत धातूवर धातू बसतं. म्हणून गळत असेल तर दोन्ही नट आणि मधल्या क्लिपा ढिल्या करा, पाइप सरळ बैठकीत येऊ द्या, नट हाताने आट्यावर फिरवा आणि मग पान्याने आवळा. सगळ्यात शेवटी क्लिपा. या क्लिपा हरवलेल्या गाड्या मी खूप बघतो, आणि थरथरीने पाइप तडकतो तो त्याच गाड्यांचा. तडकलेल्या नोझल पाइपला वेल्डिंग किंवा ब्रेझिंग चालत नाही, नवीनच लागतो. कॉमन रेलच्या गाडीत यातलं काहीही रस्त्यावर करू नका. इंजिन चालू असताना तिथला नट ढिला करणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि एकदा काढलेला पाइप पुन्हा वापरू नये असं बऱ्याच कंपन्या सांगतात. तिथे धुळीचा एक कण नोझल खराब करायला पुरतो.

टाकीला केसाएवढी चीर असेल तर गॅरेजपर्यंत पोहोचायला कपड्याचा साबण त्या चिरेत घासून भरा. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही. जागा कोरडी करता आली तर एम-सील जास्त टिकतं. पण दोन्ही तात्पुरतेच. आणि टाकी रिकामी केली म्हणून तिला वेल्डिंग लावू देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, टाकी फुटते. टाकी काढून, आतून धुऊन, वाफ देऊन मगच आणि हेच काम करणाऱ्याकडूनच वेल्डिंग.

एअर काढा आणि पुन्हा तपासा

जोड सोडला की लाइनमध्ये हवा शिरते. फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करा, प्रायमर मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग येत असतानाच स्क्रू आवळा. दोन फिल्टर असतील तर आधी टाकीच्या बाजूचा, मग दुसरा, मग इंजेक्शन पंपावरचा. खाली ट्रे ठेवा. बॅटरीची वायर जोडून, गाडी न्यूट्रलला आणून स्टार्टर मारा, एका वेळी 15 सेकंदांपेक्षा जास्त नाही, मधे विश्रांती द्या. मेकॅनिकल पंपाची गाडी तरीही लागली नाही तर नोझलकडचे नट थोडे ढिले करून स्टार्टरवर हवा काढतात. कॉमन रेलला हे अजिबात नाही, तिथे प्रायमरच.

गाडी लागल्यावर सगळे जोड कोरडे पुसा आणि आधी आयडलवर, मग रेस वाढवून बघा. मग माल भरून एक फेरी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी खाली पसरलेला कागद. सांडलेल्या डिझेलवर वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून गोळा करा. ते धुऊन नाल्यात सोडू नका. ज्या भागात उन्हाळ्यात टँकरने पाणी आणावं लागतं तिथे एखाद्या विहिरीत डिझेल उतरलं तर ती विहीर गेली.

एक गळती अशी आहे की तिचा बाहेर मागमूसही नसतो. फीड पंपाचा दांडा किंवा इंजेक्शन पंपाचं आतलं सील गेलं की डिझेल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसते, ऑइल पातळ लागतं आणि त्याला डिझेलचा वास येतो. ऑइल वाढलं म्हणून खुश होऊन गाडी पळवली तर बेअरिंग जातात. गाडी तिथेच थांबवा. फीड पंप बदलणं गॅरेजमध्ये जमतं. इंजेक्शन पंपाचा दोष असेल तर तो टेस्ट बेंच असलेल्या पंप-नोझलवाल्याकडेच द्या. पंप काढण्याआधी टाइमिंगच्या खुणा जुळवून फोटो घ्या, सगळी तोंडं स्वच्छ बुचांनी बंद करा आणि देताना गळती कधी होत होती ते सांगा. दुरुस्त पंप बसवल्यावर ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलून मगच इंजिन चालू करा.